मालगुजारी वाडा पाडण्याआधी : ग्रामपंचायत, वारसदार आणि जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच व ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य,
वाड्याचे सर्व वारसदार,
आणि मा. जिल्हाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

आपल्या गावातला मालगुजारी वाडा, म्हणजे इंग्रजी अमलात गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालकाचं (मालगुजाराचं) घर, ‘जीर्ण व धोकादायक’ असून तो पाडण्यास पंचायतीची हरकत नाही, असा ठराव मासिक सभेत झाला आहे. आतल्या सागवानाचा सौदा वारसदारांनी एका लाकूड व्यापाऱ्याशी केल्याचं आणि मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे निघणार असल्याचं गावात उघड बोललं जातं. हा निर्णय मला मान्य नाही. घरात बसून हळहळण्यापेक्षा तुम्हाला आणि सगळ्या गावाला कारणं सांगावीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात), असे वाडे कितीतरी गावांत आहेत आणि त्यांची गत हीच होते आहे. त्या गावांच्या पंचायतींनीही हे वाचावं.

आधी माझा संबंध सांगते. मी मालगुजाराच्या घरातली नाही. माझे आजोबा या वाड्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, होते. माझी आजी पावसाळा सरला की वाड्याच्या भिंती लिंपायची, सणावाराला चौक सारवायची. ती आत जायची सांदवाडीच्या, म्हणजे मागच्या परसाच्या, दारातून. पुढच्या फाटकातून तिला यायचं नसे, आणि चौक सारवून झाला तरी माजघराच्या उंबऱ्याला तिने कधी हात लावला नाही. आजोबांची जागा ओसरीच्या शेवटच्या पायरीवर. हे मला तिनेच सांगितलं, रडून नाही, रागावूनही नाही. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि पोरांना वाडा दाखवायला नेऊ लागले, तेव्हा तिला आधी नवल वाटलं, मग तीच आमच्यासोबत येऊन कुठे काय होतं ते सांगू लागली. आज तिच्यासारखं सांगणारं गावात कुणी राहिलेलं नाही. वाडा तेवढा आहे.

हा वाडा कुठून आला हे गावातल्या तरुण मुलांना नीट ठाऊक नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सारा गोळा करायचा, पण तो गावाचा धनी नव्हता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी कंपनी सरकारने नागपूरचं राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतर जमिनीचा बंदोबस्त करताना इंग्रजांनी बहुतेक ठिकाणी सारा गोळा करणाऱ्याच्याच नावावर सगळं गाव लावून दिलं. कालपर्यंत जो वसुली करत होता तो मालक झाला. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी आली, म्हणून अमरावती-अकोल्याकडे मालगुजार नाही. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचं चंद्रपूर) या जिल्ह्यांत आहे. कुळांकडून सारा घ्यायचा, ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा, उरलेला आपला. शिवाय सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरची शेती. त्या घरच्या शेतीचं ठाणं म्हणजे हा वाडा. धान इथे यायचं, बैलजोड्या इथे बांधल्या जायच्या, सालाची बोली इथे ठरायची आणि कर्जाचं धान सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट परत करण्याच्या बोलीने, इथूनच सुटायचं.

वाड्याच्या चौकटीवर शके १८१४ कोरलं आहे, म्हणजे १८९२-९३. त्यानंतर चारपाच वर्षांत मध्य प्रांतावर १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. ज्या घरात कोठार भरलेलं होतं आणि ज्या घरात चूल पेटत नव्हती, त्यांच्यातला व्यवहार कसा झाला असेल, ते कोठारासमोर उभं राहिल्याशिवाय पोरांना पुस्तकातून कळत नाही. हे मी शिक्षिका म्हणून अनुभवाने सांगते.

आता वाड्याबद्दल. ठरावात त्याचं वर्णन तीन शब्दांत उरकलं आहे, म्हणून मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

वाड्याची पुढची बाजू आणि मागची बाजू एका माणसाने बांधलेली वाटत नाही. पुढे उंच जोतं, कमानींची ओसरी, ओतीव लोखंडाचा कठडा, दारांवर रंगीत काचांची अर्धवर्तुळं आणि माडीवर रस्त्याकडे उघडणाऱ्या उंच खिडक्यांची बैठक. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोचली आणि पुढच्या दीड दशकात तुमसर-गोंदियावरून पूर्वेकडे गेली. लोखंडी गर्डर, काच, कठडे हा माल गावोगाव पोचू लागला तो त्यामुळेच. ही बाजू साहेबाला आणि तहसीलदाराला दाखवण्यासाठी होती.

देवडी ओलांडून आत गेलं की सगळं बदलतं. चौकाभोवती सागाचे खांब दगडी उथाळ्यांवर उभे आहेत, म्हणजे जमिनीतली ओल आणि उधई लाकडापर्यंत चढत नाही. खांबावर नक्षीदार तोडी (आधाराचे लाकडी ठोकळे), तोडीवर मयाल (आडवी तुळई), मयालावर वासे, वर गावच्या कुंभाराने थापलेले कवेलू (मातीची कौलं). १९५१ पर्यंत गावाचं जंगलही मालगुजाराच्याच ताब्यात असल्यामुळे एवढे सरळ, एवढे जाड खांब मिळाले. आज कितीही पैसा ओतला तरी तसं लाकूड मिळणार नाही. व्यापाऱ्याला ते बरोबर कळलं आहे.

भिंती मातीच्या, पायाशी दोन हात रुंद. माती, तणीस आणि शेण कालवून केलेलं लिंपण. मे महिन्यात बाहेर पाय भाजत असताना माजघरात गारवा असतो, कारण जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत सोडते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. आपल्या गावातल्या सिमेंटच्या घरांत आज दुपारी माणूस बसू शकत नाही. घरकुल बांधणाऱ्या अभियंत्यांनी तरी एकदा येऊन हे पाहायला हवं होतं.

कोठार मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याची लाकडी जमीन दगडी ठोकळ्यांवर उचललेली आहे, खालून वारा खेळतो, त्यामुळे धानाला बुरशी धरत नाही. धान ओतायला भिंतीत वर झरोका, काढायला खाली झडप. झडपेजवळच्या भिंतीवर कोळशाने आणि गेरूने ओढलेल्या रेघा अजून दिसतात. माप घालताना दिवाणजी त्या ओढायचा, असं आजी सांगायची. माझ्या आजोबांच्या सालाचं धान त्या रेघांमध्ये आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी फेडलेलं कर्जही.

मागे गोठा, खळं, विहीर आणि सांदवाडी. पुढच्या मैदानात पोळ्याचं तोरण लागतं, झडत्या (पोळ्याची गाणी) म्हटल्या जातात आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडार, म्हणजे आपलं लोकनाट्य, उभी राहते. ते मैदानही वाड्याच्याच जागेत धरलं आहे, हे गाळ्यांचा नकाशा पाहिल्यावर गावाच्या लक्षात येईल.

काही तरुण मुलं मला म्हणतात, बाई, हे जुलमाचं घर, पडलं तर बरंच की. त्यांचा राग खरा आहे आणि मी त्याला उत्तर देणं लागते. बाबांनो, वेठ झाली याचा पुरावा तुमच्याजवळ दुसरा कोणता आहे? तुमच्या आणि माझ्या घरच्या माणसांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी माती कालवली, भिंती उभ्या केल्या, दर उन्हाळ्यात कवेलू फेरले, म्हणजे काढून पुन्हा नीट लावले. सांदवाडीचं ते ठेंगणं दार आणि पुढचं उंच फाटक एकाच घरात उभं आहे, तोवर कुणाला ‘आमच्याकडे असं काही नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. वाडा पडला तर मालगुजाराचं नाव सरकारी दप्तरात राहील, आपल्या माणसांचं काहीच राहणार नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक मांडते.

पहिली तक्रार पंचायतीबद्दल. वाडा धोकादायक ठरवला तो कुणाच्या तपासणीवरून? मी माहितीच्या अधिकारात ठरावाची प्रत मागितली. ठरावासोबत कोणत्याही अभियंत्याचा अहवाल नाही, फोटो नाही, कोणता भाग कमकुवत आहे याची ओळसुद्धा नाही. मी जे पाहिलं ते सांगते. दक्षिणेकडची पडवी बसली आहे आणि ती खरोखर धोक्याची आहे. तिच्याजवळ पोरांना जाऊ देऊ नये. पण चौकाभोवतीचे खांब आणि मयाल जागेवर आहेत आणि कोठार तर धडधाकट आहे. एक पडवी बसली म्हणून सगळा वाडा पाडायचा, याला तपासणी म्हणत नाहीत.

दुसरी तक्रारही पंचायतीचीच, आणि ती जुनी आहे. रस्त्याकडच्या मातीच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून त्यावर योजनांच्या जाहिराती रंगवल्या. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की घेतलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती आतल्या आत वर चढते आणि पायाजवळची माती पोकळ होते. आज त्या भिंतीचे खालचे पोपडे सुटले आहेत ते या गिलाव्यामुळे. ज्यांनी भिंत आजारी पाडली त्यांनीच तिला जीर्ण म्हणून पाडायला परवानगी द्यावी, हे मला सहन होत नाही.

तिसरी तक्रार वारसदारांबद्दल, आणि ती मी आदराने करते. दादा, ताई, तुम्ही नागपूर-पुण्याला स्थायिक झालात, यात गैर काही नाही. घर सांभाळायला पैसा लागतो हेही मला कळतं. पण शेवटचे कवेलू कधी फेरले ते आठवा. माकडं दरवर्षी कवेलू फोडतात, आणि एक कवेलू सरकला की पावसाचं पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. मातीची भिंत डोक्यावर छप्पर असेतो शेकडो पावसाळे काढते, छप्पर गेलं तर तीन-चार पावसाळ्यांत बसते. दरवर्षी उन्हाळ्यात चार माणसं लावली असती तर ती पडवीही आज उभी दिसली असती. गावात तुम्हाला कुणी नाही म्हटलं नसतं.

याच संदर्भात एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. त्यात इमारतीपासून वेगळी काढलेली आणि निदान शंभर वर्षांची वस्तू पुरावशेषाच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचे कोरीव खांब, तोडी आणि चौकटी शके १८१४ च्या आहेत. सौदा पुरा करण्याआधी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. नंतर अडचण आली तर ती तुमच्या घरावर येईल.

चौथी तक्रार कागदांची. माडीवरच्या पेट्यांत वसुलीच्या बह्या आहेत, कुळांच्या पावत्या आहेत, वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावच्या चालीरीती आणि हक्कांच्या सरकारी नोंदीची, नक्कल आहे. चराई, सरपण, तलावाचं पाणी, मसणवट यांचे गावाचे निस्ताराचे (रोजच्या गरजांसाठी वापराचे) हक्क त्यातच नोंदले जायचे. ते सगळं रद्दीत चाललं आहे असं ऐकते. गावातली पोरं जात पडताळणीसाठी जुने पुरावे शोधत १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढायला तहसीलला खेटे घालतात, आणि त्यांच्या पणज्यांची नावं असलेल्या बह्या किलोच्या भावाने जाणार.

पाचवी तक्रार शासनाची. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. त्या कायद्याने जंगल, पडीत जमीन आणि गावतलाव सरकारजमा झाले, आणि राहती घरं व घरची शेती मालगुजारांकडेच राहिली. त्या वेळी हे योग्यच होतं. पण त्यामुळे एकाच व्यवस्थेचे दोन तुकडे झाले. माजी मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात ६,००० हून अधिक आहेत, त्यांच्या दुरुस्तीसाठी उशिरा का होईना योजना आल्या, त्यांची मोजणी झाली. नवेगावबांधच्या तलावाचं नाव घेताना तो बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचं नाव आजही आदराने घेतलं जातं. वाड्यांची मात्र कुणी साधी यादीही आपल्या पंचायतीकडे दिली नाही, कुणी पाहायला आलं नाही. शहरांत विकास आराखड्यासोबत वारसा इमारतींची यादी होते. खेड्यातल्या वारशाला तेवढाही आधार नाही, आणि राज्य संरक्षित स्मारकांसाठीच्या योजना संरक्षित नसलेल्या घरापर्यंत येत नाहीत.

सहावी तक्रार एका ओळीची आहे : एवढा मोठा निर्णय मासिक सभेत झाला, ग्रामसभेला विचारलं नाही.

आता मागण्या. वाडा जसाच्या तसा राजवाडा करून ठेवा असं मी म्हणत नाही. वारसदारांची मालकी मला मान्य आहे आणि त्यांनी पदरचे लाखो रुपये घालावेत अशी अपेक्षाही नाही.

पंचायतीने पाडण्याचा ठराव तूर्त स्थगित करावा आणि १ मेच्या ग्रामसभेत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा. त्याआधी महिलांची सभा घ्यावी, कारण या वाड्याच्या भिंती बायकांनी राखल्या आहेत. ठराव आणि गाळ्यांचा नकाशा दोन्ही सभांत मोठ्याने वाचून दाखवावेत. पोळ्याचं आणि मंडईचं मैदान कोणत्याही बांधकामात जाऊ नये.

जिल्हाधिकारी महोदय, पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाकडून आणि माती-चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून वाड्याची पाहणी करवून घ्यावी आणि अहवाल मराठीत गावात लावावा. दक्षिणेची पडवी टेकू देऊन किंवा उतरवून सुरक्षित करावी. तोवर एकही खांब हलू नये. शिवाय जिल्ह्यातल्या सगळ्या मालगुजारी वाड्यांची यादी करावी. तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकडून पहिली यादी मिळू शकते, त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहू नये.

वाड्याचं मोजमाप होऊन नकाशे आणि फोटो तयार व्हावेत. नागपुरात वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या संस्था आहेत, वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेची शाखा आहे. त्यांच्या विद्यार्थ्यांना बोलवावं, राहण्या-जेवण्याची सोय गाव करेल. ही जबाबदारी मी स्वतः घेते. नकाशात सांदवाडीचं दार आणि सालदारांची पायरी दाखवली जावी, फक्त कमानी नकोत. कोठाराच्या भिंतीवरच्या रेघांना कुणी चुना लावू नये.

वारसदारांनी पेट्यांतले कागद नागपूरच्या अभिलेखागाराला दाखवावेत आणि त्यांची एक प्रत गावच्या शाळेत ठेवू द्यावी. ती रद्दी किलोने विकून जे पैसे मिळतील ते मी आजच द्यायला तयार आहे.

आणि मृग लागायच्या आत छप्पर झाकलं जावं. आपल्याकडे कवेलू फेरणारी जाणती माणसं अजून आहेत, पण ती म्हातारी झाली आहेत. नवीन पोरांना त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर लावलं तर छप्परही होईल आणि हातातली कलाही पुढे जाईल. तेवढ्यासाठी वर्गणी काढायला गावातले काही जण तयार आहेत. वारसदारांची फक्त लेखी संमती हवी.

पुढच्या वापराबद्दल माझं मत सांगते, ग्रामसभेने हवं तर बदलावं. ओसरीत आणि बैठकीत गावचं वाचनालय व्हावं, कारण आज वाचनालयाची कपाटं पंचायतीच्या एका खोलीत कुलपात आहेत. कोठारात जुनी मापं, ढोल्या (धान साठवायच्या कणग्या), अवजारं आणि धानाची देशी वाणं ठेवावीत. मागच्या भागात वारसदारांना उत्पन्न हवं असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा विचार करावा. घरची शेती त्यांच्याकडे अजून आहे. नवेगावबांध-नागझिऱ्याला जाणारी माणसं आपल्या रस्त्यानेच जातात. पण एक अट राहील. येणाऱ्या पाहुण्याला मालगुजारांच्या वैभवाबरोबर सालदारांची, कुळांची आणि कामाला येणाऱ्या बायकांची हकिकतही सांगितली गेली पाहिजे.

या पत्राची प्रत पंचायतीच्या आवक नोंदवहीत दिली आहे आणि पोच घेतली आहे. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय आहे की नाही, हे सभेच्या सात दिवस आधी मला लेखी कळवावं. विषय नसेल तर मी आणि सोबतचे सह्या करणारे गावकरी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन येऊ.

आपली,
गावातली एक निवृत्त शिक्षिका,
वाड्यावरच्या सालदाराची नात